कमानीपाशी रेमीचा फोटो

आबुंदियो काउइचनं काढलेला एकही फोटो भिंतीवर नाही, असं घर अख्ख्या तेकाशमध्ये शोधून सापडलं नसतं. लग्नं, बाप्तिस्मे, पंधरा वर्षांच्या झालेल्या मुलींचे फुगीर झगे, सगळं त्याच्याच लाकडी कॅमेऱ्यातून उतरलेलं. म्हाताऱ्या माणसांचे फोटो तर खास. नोव्हेंबरात मृतांच्या जेवणाचे दिवस येतात, तेव्हा वेदीवर ठेवायला फोटो हवा म्हणून घरचे लोक वेळीच त्यांना न्हाऊमाखू घालून त्याच्याकडे आणून बसवत. आणि त्याच्या स्वतःच्या घरी बायकोचा एक फोटो नव्हता.

तसे होते. लग्नातला होता, मुलाला, विल्बर्तला, कडेवर घेतलेला होता. एका वर्षीच्या वादळात घरात कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा पेटीतल्या पेटीत त्यांचा लगदा झाला. लोकांचे फोटो वरच्या फळीवर होते, ते वाचले. त्यानंतर ‘काढू की, पळून चाललीय का कुठं,’ असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

मेरिदाच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोच्या, रेमिख्याच्या, पोटातली गाठ दाखवली आणि पावसाळ्यापुढचं काही बोलायचं टाळलं. त्या दिवशी बसमधून परत येताना खिडकीबाहेर बघत ती म्हणाली,

“म्हाताऱ्या, माझा फोटो काढ.”

“काढतो. उद्याच काढतो.”

“घरात नको. चाकुमला, कमानीपाशी. माझं घर होतं तिथं.”

चाकुमच्या जुन्या माया अवशेषांचा राखणदार म्हणजे रेमिख्याचा बाप. कमानीला लागूनच त्याची झावळ्यांची झोपडी होती आणि ती तिथंच जन्मली. पुढं दगड साफ करायला सरकारी माणसं आली, झोपड्या उठल्या, गवत कापलं गेलं. आता तिथं तारेचं कुंपण होतं, तिकिटाची खिडकी होती. तिचा धाकटा भाऊ सोसिमो मात्र अजून कुंपणापलीकडंच मका लावायचा.

“नाहीतर वेदीवर काय ठेवशील? मतदार कार्ड?” ती म्हणाली. “त्याच्यावर मी कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसते.”

आबुंदियो हसला नाही. तीच हसली आणि मग पोट धरून वाकली.

त्या दिवसापासून त्यानं तयारी सुरू केली. विल्बर्त कान्कुनच्या एका हॉटेलात कामाला होता, त्याला ईस्टरच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी मिळणार होती. मुलगा, सून, गाडी, डबा, सगळं कुटुंब मिळून सहलीला जायचं ठरलं. आबुंदियोनं कॅमेरा उघडून भात्याच्या घड्या मेणबत्तीपुढं धरून तपासल्या. कुठं भोक पडून उजेड आत येत असेल, तर त्यावर काळी पट्टी डकवली. तिपाईचा सैल स्क्रू घट्ट केला. फ्रिजमध्ये मक्याच्या पिठाखाली जपून ठेवलेल्या दोन मोठ्या फिल्म होत्या. तारीख कधीच उलटून गेलेली, पण त्या आता कुठंच मिळत नव्हत्या.

“बाबा, फोनवर काढू ना,” फोनवरूनच विल्बर्त म्हणाला. “चांगला येतो.”

“तुझ्या हॉटेलातल्या पाहुण्यांचे काढ फोनवर.”

एका दुपारी तो एकटाच बसनं चाकुमला जाऊन आला. कमानीचं तोंड पश्चिमेला. सकाळी ती सावलीत असते, दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा दगडावरचं कोरीव काम पुसल्यासारखं दिसतं. तीन वाजून गेले की उजेड तिरपा होतो, एकेका नक्षीला कड येते आणि तिथं कोरलेल्या पावसाच्या देवाचं वाकडं नाक भिंतीतून बाहेर आल्यासारखं वाटतं. रेमी कुठं उभी राहील तिथं त्यानं खडा ठेवला. येताना सोसिमोच्या शेतात डोकावला.

सोसिमो तोडलेल्या झाडाझुडपांच्या ढिगावर बसून कोयत्याला कानस लावत होता. मका पेरण्याआधी जाळायचं ते रान तोडून दीड महिना झाला होता. वाळून खडखडीत झालं होतं.

“कधी लावतोस आग?” आबुंदियोनं विचारलं.

“वारा कुठाय, दाजी? तीन आठवडे पान हललेलं नाही. वाऱ्याशिवाय लावली तर निम्मं जळेल नि निम्मं माझ्या डोक्यावर राहील.”

“आम्ही येतोय त्या दिवशी लावू नकोस म्हणजे झालं.”

“कधी येताय?”

“गुड फ्रायडेला.”

“मग काय! शुक्रवारी चूल तरी कोण पेटवतं? ताईला म्हणावं, आरशासारखं आभाळ देतो.”

शुक्रवार आबुंदियोनं त्यासाठीच निवडला होता. एप्रिलमध्ये तिकडचं आभाळ धुरानं मळलेलं असतं, सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसतो. त्या एका दिवशी मात्र कुणी काडी ओढत नाही. या विचारावर तो मनातल्या मनात खूश होता.

मंगळवारी विल्बर्तचा फोन आला. हॉटेल भरलं होतं, शुक्रवारी हजर राहायलाच हवं होतं. बुधवारी रात्री पोहोचतो, गुरुवारी जाऊ, संध्याकाळी परत निघतो.

आबुंदियो अंगणात जाऊन उभा राहिला. आंब्याचं पान हलत नव्हतं. वारा नाही, म्हणजे सोसिमो जाळणार नाही. मग निरोप तरी कशाला धाडायचा? त्याच्याकडं फोन नव्हता आणि शेतापर्यंत जाऊन येण्यात आख्खा दिवस गेला असता. त्यानं निरोप धाडला नाही.

गुरुवारी सकाळी आभाळ खरोखरच निळं होतं. रेमिख्यानं लग्नाकार्यातला उइपिल झगा घातला होता, पांढरा शुभ्र, गळ्याला लाल-जांभळी फुलं. तो आता तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. सून नेय्दीनं आतून दोन पिना लावून तो आवळला. तिनंच चाया नावाच्या पालेभाजीचे, अंडी नि भोपळ्याच्या बिया घातलेले तामाल, मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, बांधून घेतले.

कुंपणाच्या आत शिरताना रेमिख्या थांबली. भोपळ्याच्या वाटीत आणलेलं मक्याचं पाणी तिनं झाडाच्या मुळाशी ठेवलं. जागेच्या धन्यांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये, हे बापानं शिकवलेलं.

“पोरगी आलीय म्हणावं,” ती पुटपुटली. “फार वेळ नाही थांबणार.”

कमानीपाशी पोहोचल्यावर ती दगडाला हात लावून श्वास घेत राहिली. मग एकेक दाखवू लागली. इथं चूल, इथं झोपायची झोळी बांधलेली, इथं सोसिमो विंचू चावून बोंबलला. तिच्या गालांना थोडा रंग आला होता. सकाळचा सावलीतला मऊ उजेड तिच्या चेहऱ्यावर सारखा पसरला होता.

“काढ आता,” ती म्हणाली. “आत्ता मला बरं वाटतंय.”

आबुंदियोनं काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर ती उलटी दिसत होती, डोकं खाली, पाय वर. चेहरा छान होता. पण मागची कमान मेलेली होती. करडी, सपाट, नक्षीचा मागमूस नाही.

“दुपारी काढू,” तो कापडाखालून बोलला. “तीननंतर. दगड बघ कसा उठेल.”

“दगड मी लहानपणापासून बघतेय.”

“रेमी, दोनच फिल्म आहेत.”

“बाबा, आम्हाला निघायचंय,” विल्बर्त म्हणाला.

“चारला निघा. एवढ्या दिवसांची तयारी आहे माझी.”

नेय्दीनं हळूच फोन वर केला, तर रेमिख्यानं पंखा तोंडासमोर धरला.

“नको गं बाई. नवरा फोटोवाला, नि बायकोचा फोटो सुनेनं काढला? गाव हसेल.”

त्यांनी झाडाखाली चादर टाकली. तामाल खाल्ले. रेमिख्यानं एक घास घेतला आणि बाजूला ठेवला. बारा वाजले तसा उकाडा वाढला, हवा जड होऊन अंगावर बसली. तिच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, उइपिलच्या काठाला ओला डाग पडला. नेय्दी पंख्यानं वारा घालत होती, पण तो गरमच. रेमिख्याचे ओठ पांढरे दिसू लागले.

“घरी नेऊ या तिला,” विल्बर्त बापाच्या कानाशी म्हणाला.

“तासभर. फक्त तासभर थांब.”

आबुंदियो उठून कमानीकडं बघत उभा राहिला. ऊन खाली सरकायला लागलं होतं. मागं रेमिख्या कण्हली. “जरा हवा असती तर...” एवढंच म्हणाली.

आबुंदियोचा बापही मका लावणाराच होता. शेतात आग लावताना वाऱ्याला शीळ घालून बोलावतात, लांब, खालून वर चढत जाणारी. ती त्याच्या ओठांत लहानपणापासून होती आणि कॅमेरा हातात घेतल्यापासून त्यानं ती कधी घातली नव्हती. त्यानं ओठ गोल केले आणि शीळ घातली. एकदा. मग पुन्हा, जास्त लांब.

“काय हो हे?” नेय्दी हसली.

“बाबा वाऱ्याला हाका मारतायत,” विल्बर्त म्हणाला. “त्याचा नंबर असेल त्यांच्याकडं.”

आबुंदियो लाजला. तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावर एक पान हललं. मग फांदी. मग गवताच्या टोकांवरून काहीतरी सरकत आलं आणि रेमिख्याच्या कपाळावरची बट उडाली. तिनं डोळे मिटले, मान मागं टाकली.

“हां,” ती म्हणाली. “हां. असं.”

आबुंदियोला वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी आपल्या हातून वेळेवर झाली. ऊन कमानीवर आलंच होतं. देवाच्या नाकाला कड फुटत होती. तो घाईनं कॅमेऱ्याकडं वळला, फिल्म बसवली, विल्बर्तला म्हणाला, “आईला उभी कर. खडा ठेवलाय तिथं.”

आणि मग रानापलीकडून त्याला दुसरी शीळ ऐकू आली. तशीच लांब, खालून वर चढत जाणारी. ती आनंदाची होती. तीन आठवडे वाट बघणाऱ्या माणसाला अखेर वारा मिळाल्याची.

“सोसिमो,” रेमिख्या म्हणाली.

आबुंदियो ओरडला. नाव घेऊन ओरडला, हात वर करून कुंपणाकडं धावला. पण शेत कुठं, तो कुठं. पलीकडं आधी कडकड आवाज झाला, मग झाडांवर पिवळा ढग उभा राहिला, आणि वारा, जो त्यानंच बोलावला होता, त्या ढगाला सरळ कमानीकडं घेऊन आला.

तो परतला तेव्हा नेय्दी सासूच्या तोंडाशी ओला रुमाल धरून बसली होती. रेमिख्या खोकत होती. खोकताना पोट धरत होती आणि पोट दुखलं की श्वास घ्यायला तोंड उघडत होती, तो श्वास धुराचाच होता. विल्बर्तनं तिला उचललं. लहान मुलासारखी उचलली गेली.

“एक मिनिट,” आबुंदियो म्हणाला. “वारा फिरेल.”

विल्बर्त तिला घेऊन गाडीकडं चालू लागला.

आबुंदियोनं शटर दाबलं. का, ते त्याला कळलं नाही. समोर कुणीच नव्हतं.

गाडीत रेमिख्या मागच्या सीटवर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. उइपिलवर राखेची काळी फुलं पडली होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि हळू आवाजात, पुढच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

“चाळीस वर्षांत एकदा तुझं वाऱ्यानं ऐकलं.”

तिला हसायचं होतं, पण खोकलाच आला.

त्यानंतर ती अंगणापलीकडं गेली नाही. चेहरा पिवळा पडून सुजला. आबुंदियोनं कॅमेरा तिच्या खाटेशी लावून बघितला, तिनं भिंतीकडं तोंड केलं. “ह्या तोंडाला मेलेली माणसं तरी ओळखतील का? राहू दे.” पहिल्या पावसाच्या आतच ती गेली. धुरानं लवकर गेली की गाठीनंच, हे कुणी बोललं नाही. सोसिमो मातीला आला आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिला. आपण आग लावली तेव्हा बहीण कमानीखाली होती, हे त्याला नंतर कळलं होतं. वारा कुणी बोलावला, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

धुरातली फिल्म आबुंदियोनं धुतली. पांढरा पडदा, कोपऱ्यात कमानीची एक कड. सकाळचा उजेड त्याला राहून राहून आठवायचा. चेहऱ्याला तेवढा पुरेसा होता. थांबला होता तो दगडासाठी.

नोव्हेंबर आला. घरोघरी वेद्या मांडल्या गेल्या आणि प्रत्येक वेदीवर कुणाची ना कुणाची आई त्याच्या कॅमेऱ्यात बघून नीट बसलेली. विल्बर्त आणि नेय्दी आले. मक्याच्या पिठाचे जाड पिब जमिनीत खड्ड्यात पुरून भाजले, गरम चॉकलेटचा पेला ठेवला, रेमिख्याच्या आवडीची संत्री ठेवली. मधोमध, पेल्याला टेकवून, आबुंदियोनं मतदार कार्ड उभं केलं. नखाएवढा चेहरा, घाबरलेले डोळे.

सोसिमो संध्याकाळी टोपी हातात घेऊन आला. वेदीपुढं बराच वेळ वाकून बघत राहिला.

“ताई अशी दिसत नव्हती,” तो म्हणाला.

“नाही,” आबुंदियो म्हणाला.

“तुमच्याकडं एखादा... तुम्ही तर एवढे...”

“नाही रे.”

खोलीत मेणबत्त्या आणि धुपानं उकडत होतं. दार उघडं होतं, पण बाहेर आंब्याचं पान हलत नव्हतं. धूर वर न जाता कार्डाभोवतीच साचत होता. नेय्दीनं पुठ्ठ्यानं वारा घालून पाहिला. सोसिमोनं दाराबाहेर नजर टाकली आणि सवयीनं ओठ गोल केले.

आबुंदियोनं त्याचा हात धरला.

“नको,” तो म्हणाला. “वारा नको.”