नोटिशीवरचा पत्ता

उल्हासनगरातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात ती पहिल्यांदा आली, तेव्हा एकच गोष्ट तीनतीनदा बजावत होती. "मॅडम, मी कुळगावला बहिणीकडे आहे हे माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका." उल्हासनगरच्याच कॅम्प एक भागातल्या सासरच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती, मान काळीनिळी. मी म्हटलं, "अगं, वेडी का काय तू? आम्ही कशाला सांगू?"

आमची पद्धत ठरलेली. मारहाणीचा अर्ज आला की बाईचं ऐकून घ्यायचं, नवऱ्याला नोटीस पाठवायची, मग दोघांना समोरासमोर बसवायचं. नवऱ्याने गळा दाबला असेल तर समोरासमोर बसवायचं नसतं, आधी पोलिसांकडे न्यायचं असतं, हे मला पाठ होतं. पण बोलावून चार शब्द सुनावले की नवरे वठणीवर येतात, हा आमचा जुना भरवसा. छापील नोटीस घेतली, रकाने भरले, पाठवून दिली.

आठवड्याने ती आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊनच. भरदुपारी नवरा बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला होता. "बहिणीनेच सांगितलं त्याला. दुसऱ्या कुणाला माहीत होतं? मी तिला नाही नाही ते बोलून निघाले तिथून. मेली ती माझ्यासाठी."

मलाही त्या बहिणीचा असा संताप आला! सख्खी ना ही? तावातावाने फाइल उघडली. वरच नोटिशीची आमची प्रत. 'अर्जदार, सध्या राहणार' या रकान्यात कुळगावचा पत्ता, चाळीच्या नावासकट, खोली नंबरासकट. अक्षर माझं.

बापरे, हे मी केलं? रकाना होता म्हणून भरला? गप्प बसले तर कुणाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं, सांगायला लाज वाटते. पण तिला जायला तेवढं एकच घर होतं.

"बहिणीने नाही गं," मी म्हटलं. "मी." आणि कागद पुढे सरकवला.

तिने तो वाचला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने डाव्या हाताने फोन काढला, बहिणीला लावला आणि "ताई" एवढंच म्हणून रडत राहिली.

मग पोलिसांकडे जायचं ठरलं. मी नवा अर्ज ओढला, तिचं नाव लिहिलं आणि सवयीने विचारून बसले, "सध्या राहतेस कुठे?"

तिने डाव्या हाताने तो नोटिशीचा कागद माझ्यापुढे परत सरकवला.