लॅटव्हियाच्या पाहुण्यांसाठी सोळा डिग्री

दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात मी एसीचा सुपरवायझर होतो, म्हणजे अख्ख्या देऱ्याचं हवामान माझ्या बोटावर चालायचं. बरं, अर्ध्या देऱ्याचं म्हणा. दोन हजार सालाच्या आसपास, भर मे महिन्यात, लॅटव्हियाचा साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा आमच्या बँक्वेट हॉलमध्ये वाजवायला आला. त्यांच्याकडच्याच कुणीतरी नुकताच लिहिलेला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो होता. म्हणजे एक बाई पुढे उभ्या राहून क्लॅरिनेट वाजवणार आणि बाकीची पलटण त्यांना साथ करणार.

माणसं बर्फाच्या मुलखातली. पाहुण्यांना घरच्यासारखं वाटायला नको? मी सकाळीच हॉल सोळा डिग्रीवर नेऊन ठेवला. कोपऱ्यातल्या कुंडीतल्या रोपाला हुडहुडी भरलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

दुपारी तालमीला बाई आल्या. उंची एवढी, की झुंबर वाकून चुकवलं. क्लॅरिनेट फुंकलं, थांबल्या, व्हायोलिनवाल्यांकडे पाहिलं, पुन्हा फुंकलं. सूर जुळेना. लेबनॉनचा आमचा मॅनेजर मला हुडकत आला.

"हबीबी, ये फ्रिज किसने बनाया?"

"सर, मेहमान ठंडे मुल्क के हैं."

बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे हॉल तापवतात. गारठ्यात क्लॅरिनेट उतरतं, व्हायोलिन चढतं. आणि क्लॅरिनेटचं लाकूड तडकलं, तर आजचा कार्यक्रम संपला."

"यल्ला, जल्दी," मॅनेजर मला म्हणाला, "सात बजे तक ठीक कर, नहीं तो तू खलास."

चिलर बंद केला. पण तेवढ्यानं एवढा हॉल तापतोय होय? मग सामान उतरवायचे मागचे दरवाजे आधी वीतभर, मग हातभर उघडले. दुबईत ऊन मागावं लागत नाही. पाठोपाठ किचनमधला मटणाचा वासही आला, त्याला मी काय करणार. सातला चोवीस डिग्री. सुटाबुटातली मंडळी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसली.

मी स्टेजच्या बाजूच्या दाराशी उभा होतो. संगीत सुरू झालं ते खाडीवर धुकं उतरावं तसं, घाई नाही, गडबड नाही. मध्येच सगळे वादक थांबले आणि क्लॅरिनेटमधून नुसती हवा येऊ लागली. सूरच नाही. फुस्स, फुस्स.

तडकलं. माझ्या पाहुणचारानं बाईंचं लाकूड तडकलं. गावच्या झाडून सगळ्या देवांना मी नारळ बोललो. फेडायला दोन ट्रक लागले असते. हवा चालूच. मग त्या हवेतूनच एक बारीक सूर उगवला, चढत गेला, आणि मागून सगळा ऑर्केस्ट्रा त्याला उचलून घ्यायला धावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम होता, असं मी मॅनेजरला सांगितलं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंना गाठलं. "मॅडम, क्लॅरिनेट शाबूत आहे ना?"

त्यांनी नोटेशनची वही उघडून दाखवली. त्या जागी सुरांऐवजी नुसत्या फुल्या होत्या. "हा वारा आहे. लिहिलाच आहे तसा."

"केवढा लांब, मॅडम. जीव गेला माझा."

"वहीत याच्या निम्माच लिहिलाय," बाई म्हणाल्या. "पण दाराशी तुमचा चेहरा दिसला, आणि मला थांबवेना."