थरथरणारी काठी

मी आणि माझी मैत्रीण, दोघी जन्मापासून आंधळ्या. अंधशाळेत एका बाकावर बसलो, आणि लग्न होऊन दोघीही राहाता गावात आलो. बाजाराच्या दिवशी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची, कारण रस्ते मला पाठ होते. पिठाची गिरणी कुठं, गटारावरची कुठली फरशी हलते, सगळं मी तिला सांगायची. ते मला फार आवडायचं.

मग एका शिबिरात तिला नवी काठी मिळाली. माणसाला ऐकू न येणारा आवाज तिच्यातून निघतो, समोर काही असलं की आपटून परत येतो आणि मूठ थरथरते. मीही नाव दिलं होतं. नंबर तिचाच लागला.

"अगं, उभी मोटारसायकल लांबूनच कळती!" ती म्हणायची. काठी जमिनीला टेकवणंच तिनं सोडलं. आता ती पुढं, आणि मी मागं माझी साधी काठी टकटक आपटत. लोक तिला थांबवून कौतुकानं विचारायचे.  घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणायची, "बॅटरी उतरली की कळंल तिला."

एकदा नळाच्या पाइपासाठी गल्लीत चर खणला. आदल्या दिवशीच तो माझ्या काठीला लागला होता. तिच्या काठीला समोरचं कळतं, खालचा खड्डा कळत नाही, हे तिनंच मला सांगितलेलं. चर जवळ आला तशी मी पावलं हळू केली आणि तोंड मिटून घेतलं.

ती पडली. मी कडेला बसून हात खाली सोडला, पण तो तिला सापडेना. शेवटी दुकानदारांनी तिला वर काढलं. पाय मोडला होता.

दवाखान्यात तिनं विचारलं, "तुला म्हाईत हुतं ना?"

"व्हय."

"मग?"

"तुझी काठी मला बघवत न्हवती."

 पुढं प्लास्टर असेपर्यंत मी डबा घेऊन जायची. डबा तिची सासू घ्यायची. आतून आवाज यायचा नाही.

प्लास्टर निघाल्यावर एक दिवस ती आपणहून दारात आली. "चल, बाजारला जायचंय."

वाटेत मी खडा न् खडा सांगत होते. ती नुसतं "हं" म्हणायची, आणि तरी पाय टाकण्याआधी चपलेच्या टोकानं जमीन चाचपायची. अजूनही चाचपते.