जोतीराम टेलरच्या हातची वाकळ

जोतीराम टेलर मेला, त्या दिवशी आमच्या पेठंतल्या तालमीच्या पोरांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘वाकळ-कलावंत जोतीराम आण्णा यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. दोन हजार आठ साल. फळ्याखाली उभारून वाचलं आणि माझं डोस्कंच फिरलं. कलावंत म्हणं! जिता हुता तवा हीच टोणगी त्याला बघून हवेत सुई मारून दाखवायची. “काय जोताबाई, झाली का वाकळ?” मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

मी सरुबाई. गल्ली मला सरूआक्का म्हणती आणि माझ्या तोंडाला भिती. मलाबी जोतीराम आवडायचा न्हाय, उगंच मेलाय म्हणून गोड बोलणार न्हाय. कोपऱ्यावर त्याचं दुकान हुतं, पँट-शर्टाचं. आम्ही बायका दुपारी मारुतीच्या देवळाच्या सोप्यात वाकळा शिवायला बसायचो. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि हातानं धावदोरा घालायचा. कडंला लावायला कातरणं मागायला गेलं की ह्यो म्हणायचा, “चिंध्या पायजेत तर उकिरड्यावर जावा की.” आणि आमच्या डोळ्यांदेखत कातरणं गटारीत लोटायचा. असला माजुरडा.

मग रेडिमेड आलं. सत्त्याण्णवपर्यंत गल्लीतली शेंबडी पोरंबी तयार पँटी घालून फिराय लागली. जोतीरामचं दुकान बसलं. तरी गळ्यात टेप अडकवून रिकाम्या दुकानात ताठ बसायचा. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

त्याची बायको आधीच वारलेली. एकुलती पोरगी मालन राधानगरीकडं दिलेली, तिला दिवस गेले. आमच्यात पहिल्या बाळाला आजोळची वाकळ लागती. आजीच्या लुगड्याची, बायकांच्या हातची. बारशाला सासरची माणसं ती उलटीपालटी करून बघत्यात. वाकळ न्हाय म्हंजे पोरीला माहेरच न्हाय, असं जन्मभर ऐकायला लागतंय. आणि मालनची सासू तर आधीच म्हणालेली, “घरात बाई न्हाय, तिथं बाळतपण कसलं करत्यात?”

एक दिवस जोतीराम सोप्याच्या पायरीशी येऊन उभारला. हातात पिशवी.

“आक्का, वाकळ शिवायला शिकवा.”

“मशीन मोडली काय?”

“मशीनवर मारून बघितली. पत्र्यागत झाली. बाळाला टोचंल.”

“मग आम्ही देतो शिवून. तू जा घरी.”

“न्हाय. मला शिवायचीया.”

त्यानं पिशवी उपडी केली आणि आमच्यातल्या तानाबाईनं कपाळावर हात मारला. बायकोचं लग्नातलं हिरवं लुगडं, आणि ह्या शहाण्यानं त्याचे चौकोन कापलेले! फूटपट्टीनं मापून, एकसारखे. वर म्हणतोय, “डिझाईन चांगली दिसंल.”

“मुडद्या, लुगड्याला कात्री लावलीस?” मी वराडलो. व्हय, आमच्याकडं बायकाबी ‘वराडलो’च म्हणत्यात. “वाकळंत लुगडं आख्खं घालत्यात. उद्या वाकळ उसवली तर लेकीच्या हातात आईचं लुगडं साबूत यायला पायजे. एवढंबी ठावं न्हाय आणि म्हणं टेलर!”

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. चौकोन गोळा केले आणि गेला. वाटलं, सुटलो. पण आठवड्यानं माघारी आला. तुकड्याला तुकडा हातानं जोडून त्यानं परत लुगडं केलतं, पदरापासून टोकापर्यंत. तानाबाई म्हणाली, “बसूदे की गं.” मी म्हटलं, “बस. पण त्या खांबाजवळ, लांब.”

शिवायला मात्र दगड! पायानं मशीन हाणायची सवय, हाताला दम न्हाय. सहा थरांतनं सुई काढताना बोटं रक्ताळायची. रेघ अशी वाकडी जायची की म्हातारी गाय चालल्यागत. रोज दोन-चार ओळी उसवायला लावल्या त्याला. मुकाट उसवायचा. तालमीतली पोरं मुद्दाम तिकडनं जायची, खिदळायची. तो मान खाली घालायचा आणि मला त्याचा जास्तच राग यायचा. अरं, एक शिवी तर हाण की माघारी!

कवातरी तो खांब सोडून आमच्या कडंला सरकला. कवा ते कळलंबी न्हाय. सुना कशा छळत्यात ते ऐकायचा, मध्येच “व्हय की” म्हणायचा.

मालन बाळतपणाला यायच्या आधी वाकळ झाली. त्या दिवशी हळूच मला म्हणतोय कसा, “आक्का, तुम्हीच शिवली म्हणून सांगा. बाप्या माणसानं शिवली म्हटलं तर पोरीला सासरी टोमणं खायला लागतील. मालनलाबी सांगू नका.”

तिटकारा आला मला. ज्या वाकळंवर एवढं रगात सांडलं, तिची लाज? पण पोरीचं नाव घेतलं, म्हणून हूं म्हटलं.

मालनला पोरगा झाला. बारशाला राधानगरीची माणसं आली. सासूनं वाकळ उचलली, उलटी केली, बोट फिरवलं.

“बरी हाय की. कुणाच्या हातची?”

जोतीराम दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभा. माझ्याकडं असा बघतोय जणू मी त्याच्या गळ्यावरच सुरी धरलीया. आणि मला काय झालं देव जाणे, पण ते तोंड बघून मला खोटं बोलवंना.

“ह्याच्या हातची,” म्हटलं. “मालनच्या बाच्या. आमच्यात बसून शिवलीया त्यानं.”

सासूनं वाकळ अशी खाली टाकली, जणू हात भाजला.

“बाप्या माणसानं? अगं बाई, घरात कुणी बाईच न्हाय म्हणा की!”

“बाई न्हाय?” मी उठलो. “मग आम्ही इथं काय म्हशी बसलोय व्हय?”

पण माझं कोण ऐकतंय! सगळी मालनकडं बघत हुती. तिनं वाकळ वडून घेतली. हिरव्या लुगड्यावरनं हात फिरवत गेली. एका जोडावर थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बापाकडं बघितलं.

“आबा, ह्ये तुम्ही जोडलंय?”

जोतीरामनं हातातली कळशी छातीशी धरली.

“आत्याबाई,” मालन सासूला म्हणाली, “माझं पोरगं ह्याच्यातच झोपणार. तिकडंबी.” आणि तिथंच वाकळ अंथरून बाळ खाली ठेवलं. सासूनं नाक मुरडलं. जोतीराम कळशी घेऊन मागच्या परड्यात गेला, तो जेवणं उठली तरी आत आला न्हाय.

मला वाटलं, आता हा आपलं तोंड बघत न्हाय. पोरीचं काम झालं, सोप्यात यायचं कारणबी संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. माझ्याशी एक शब्द बोलला न्हाय, रामराम सुदीक न्हाय. तानाबाईच्या वाकळंचा एक काठ मांडीवर घेतला आणि माझ्याच शेजारी बसला. दोरा संपला तवा न विचारता माझ्या रिळातला घेतला.

मी रीळ त्याच्याकडं सरकवलं.