ब्रेकमामाचा जबाब

त्याला सगळे ब्रेकमामा म्हणायचे. कुत्रं आडवं आलं तरी हा दुधाचा टँकर थांबवणार, वर खिडकीतून कुत्र्याची खरडपट्टी काढणार. बायको म्हणायची, "यांच्या गाडीत नवरी बसवली तर पोचेपर्यंत म्हातारी होईल."

अशा माणसाच्या टँकरखाली भरदुपारी एक मोटारसायकलवाला गेला. समोरून येत होता. त्याने उजवा इंडिकेटर लावला आणि उजवीकडे वळला. तिथे ना गल्ली, ना फाटक. नुसती कारखान्याची भिंत. मामाने ब्रेक दाबला, पण टँकर भरलेला होता.

आमची ड्रायव्हरांची संघटना याच गोष्टीवर भांडते. सरकारी आकड्यांत रस्त्यावर स्वतःहून कोणी मरतच नाही. सगळे अपघात! चिठ्ठी नाही, आजार नाही, मग लिहा हयगय आणि टाका जिवंत राहिलेल्याच्या गळ्यात. म्हणून मी मामासोबत चौकीत गेलो.

हवालदार हसला. "मरायला निघालेला माणूस इंडिकेटर देतो होय?"

"दिला, साहेब."

"मग हॉर्नही वाजवला असेल."

मी टेबलावर हात आपटला. "तो सांगतोय ते लिहा. अक्कल नंतर पाजळा."

लिहिलं. सही मोठे साहेब आल्यावर. बाहेर बाकावर मी मामाला म्हणालो, "इंडिकेटरच्या या ओळीवर तू सुटतोस. धरून राहा."

तेवढ्यात त्या मेलेल्या पोराचे वडील आले. ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेले. मामाही. तो उठायला लागला.

"बस रे," मास्तर म्हणाले आणि शेजारी टेकले. "त्याची रात्रपाळी होती. डोळा लागला असेल, असं हिला सांगितलंय."

मामाने थोडं सरकून त्यांना आणखी जागा केली.

"लहानपणी सायकलवरसुद्धा हात दाखवल्याशिवाय वळायचा नाही. पोरं हसायची." मास्तरांनी शर्टाची बाही सारखी केली. "झोपलेला माणूस इंडिकेटर देत नाही. म्हणून विचारतो. दिला होता?"

मी मामाला कोपर मारलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मला नाही दिसला, मास्तर. ऊन होतं डोळ्यावर."

"हं. मग झोपच." ते उठले. दाराशी थांबले. "तू ब्रेक दाबलास ना?"

"दाबला."

मास्तर गेले. मामा आत गेला आणि ती ओळ काढायला लावली. हवालदाराने खूश होऊन काढली. त्याचं काम सोपं झालं.

मी मामाची कॉलर धरली. "ऊन डोळ्यावर म्हणालास म्हणजे दोष तुझाच. कळतंय का, गाढवा?"

"कळतंय."

"मग?"

"घरी मास्तरीणबाई आहेत," तो म्हणाला आणि सही केली.

अपघात, चालकाची हयगय. मामाचं लायसन गेलं. तो आकडा खोटा आहे हे मी प्रत्येक सभेत ओरडून सांगतो. पुरावा मागतात. पुरावा डेअरीच्या आवारात टँकर धुतो.

परवा गेलो होतो. "ये," म्हणाला. मीही भांडलो नाही. एक टँकर आत आला, इंडिकेटर लागला. मामाने पाण्याचा पाईप बंद केला. गाडी वळून, थांबून, तो दिवा विझेपर्यंत नुसता उभा राहिला. मग पुन्हा धुवायला लागला.