मला काय येतं

कमल, साठ साली मी नागपूरला निघाले तेव्हा तू आपल्या दोघी बहिणींच्या गोधडीत झोपली होतीस. माय दारातूनच मागे फिरली, रडणं दिसू नये म्हणून. बाबांनी मला छकड्यातून मारेगावच्या स्टँडवर आणलं. मी बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "नाही जमलं त वापस ये. लाजू नको." आपल्या गावातली एकही पोरगी तोवर शिकायला बाहेर गेली नव्हती, नर्सिंगला तर नाहीच. लोक काय काय बोलत होते, ते बाबांनी मला कधी कळू दिलं नाही.

कापूसवेचणीच्या दिवसांपर्यंत मी खचले. ड्यूटी, वॉर्ड, ड्रेसिंग हे शब्द ऐकून ऐकून कळायचे, पण मेट्रन इंग्रजीत सबंध वाक्य बोलली की मी शेजारणीच्या तोंडाकडे पाहायची. शेवटी गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, मला न्यायला या.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येकीला 'कॅन' घालून वाक्य करायला सांगितलं. कुणाला शिवता येत होतं, कुणाला पोहता. मी म्हटलं, "आय कॅनॉट डू एनीथिंग." मुली हसल्या. बाई मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "कॅन हा मुळात बळाचा शब्द नाही गं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता जाणणं. बळासाठी 'मे' होता. पुढे 'मे' परवानगी मागू लागला आणि बळाचं कामही कॅनवर पडलं. तू 'शकणं' धरून बसलीस. 'येणं' धर. तुला काय येतं?" मला रडूच आलं.

रविवारी बाबा आले. होस्टेलच्या व्हरांड्यात बाकावर बसले, मांडीवर गाठोडं. माझी भरलेली ट्रंक त्यांनी पाहिली, पण उठले नाहीत. "काय काय येते तुले आता?" त्यांनी विचारलं.

बाबांना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं, आणि प्रश्न मात्र बाईंचाच. मी सांगत गेले. रोग्याला न उठवता चादर बदलता येते. ताप पाहता येतो. जखम धुता येते. मग त्यांचं मनगट धरून नाडी मोजून दाखवली. बोंडांनी ओरखडलेला तो हात त्यांनी बराच वेळ माझ्या हातात राहू दिला.

"मंग मी कायले नेऊ तुले?" ते म्हणाले. "तुले त येते न."

गाठोड्यातली भाकर आणि ठेचा आम्ही तिथेच खाल्ला, आणि ते एकटेच गेले.

आता बाबा नाहीत. मी गावी गेले की वहिनी मला खुर्ची देते, कपबशीत चहा देते. आपण पाहुणी झालो, हे मनाला लागतं. पण गावचं कुणी नागपूरच्या दवाखान्यात आलं की माझ्याच खोलीवर उतरतं. मागे जनाकाकू सुनेला घेऊन आली होती. मी ड्यूटीवर असताना तिने न विचारता, घरचेच असल्यासारखे, फळीवरचे सगळे डबे हलवले. तिखट खाली, चहासाखर वर. "असंच राहू दे," म्हणाली, "सोपं पडते."

ती जाऊन महिना झाला. तिखट घेताना माझा हात अजून चुकतो. डबे मी हलवलेले नाहीत.