मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

महाल भागातल्या एका म्हाताऱ्याच्या मृत्यूचा तपास माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या घरी जायचं असतं, हा नियम मी नव्या शिपायांना शिकवायचे. आणि त्या म्हाताऱ्याच्या सुनेला मीच ठाण्यात आणून बाकावर बसवलं. चाळिशी उलटल्यावर फौजदार झालेली मी. खांद्यावरचे दोन तारे आरशात पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. असल्या बाईला साधा मृत्यू कसा पुरणार? तिला खूनच हवा होता.

म्हातारा मधुमेहाचा रुग्ण. रक्तातली साखर एकदम उतरून तो रुग्णालयात वारला. तिथून सूचना आली, आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची लग्न झालेली लेक आली.

"मॅडम, औषधं वहिनीच आणते. बाबाले कोणत्या गोळ्या चारल्या, तिलेच विचारा. आईपण तेच म्हणून राहिली."

झालं. मी सुनेला बोलावलं.

"गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच."

"साखरेची गोळी कोणत्या रंगाची?"

ती पदर सारखा करत म्हणाली, "गुलाबी."

आमचे हवालदार निवृत्तीला आलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ही खोटं बोलून राहिली. पण स्वतःले वाचवाले नाही."

"हवालदार, तपास कोण करून राहिलं?" मी त्यांना गप्प केलं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

सकाळी पंचनाम्याला त्यांच्या घरी गेलो. औषधं कुठे आहेत विचारताच सासू उठली आणि मसाल्याचा स्टीलचा गोल डबा घेऊन आली. पाकिटातून सोडवलेल्या गोळ्या, वाटीवाटीत रंगाप्रमाणे. तिला वाचता येत नव्हतं. गेली कित्येक वर्षं नवऱ्याचं औषध तीच या डब्यातून द्यायची, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"ही पांढरी पहिलेपासूनची. ही पिवळी डॉक्टरनं आता देली. दोन्ही साखरेच्या."

"दोन्ही देत होतात?"

"मंग? पांढरी यायले मानवत होती, ते काहून बंद करू?"

"आई, तुम्ही आत जा," सून म्हणाली. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही गोळ्यांत औषध एकच, फक्त नावं वेगळी. पांढरी बंद करून तिच्या जागी पिवळी द्यायची होती. चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं. सुनेनं सासूला ते सांगितलं होतं, सासूनं मान डोलावली होती. रुग्णालयातून परतल्यावर सुनेनं डबा उघडला, आणि तिला सगळं समजलं. मग ठाण्यात येऊन ती "मीच" म्हणाली, आणि पांढरी-पिवळीचा विषय निघू नये म्हणून "गुलाबी".

उलगडा झाल्याच्या आनंदात मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलून गेले, "काकू, तुमच्याच हातून रोज दुप्पट गोळी गेली."

सासू डब्याकडे पाहत राहिली.

गुन्हा नाही, असा अहवाल मी पाठवला. साहेबांनी शाबासकी दिली. आता माझ्या स्वतःच्या गोळ्या मी पाकिटातच ठेवते, नवी सुरू झाली की जुनीचं काय करायचं ते डॉक्टरांना तोंडावर विचारते, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून त्यांच्यापुढे ओतते. माझ्या नाती हसतात. हसू देत. पण एवढी अक्कल यायला दोन माणसं जावी लागली, याचं मी काय करू? गुन्हेगार नसलेल्या माणसाला खरं कसं सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. त्या दिवशी सून मला सोडायला दारापर्यंत आली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली:

"मॅडम, आई मले खुनी म्हणत होत्या, तोवर दोन घास खात तरी होत्या."